इरईवरून आणलेला पाहुणा

मु. पिंपळखुट, चिमूरजवळ
२० नोव्हेंबर १९५५

बिरजू नरोटे, जंगल खात्याचे नाकेदार, यांस मुखरू चौखे याचा रामराम.

मला ओळखलंस का? लढाई संपली त्या साली चांद्याच्या कचेरीच्या पडवीत आपण शेजारी बसलो होतो. तू तुझ्या थोरल्या भावाच्या, कोलूच्या, कागदासाठी आला होतास, मी माझ्या इसरूच्या. तू मला भाजलेली मोहफुलं खायला दिलीस आणि मी तुला तंबाखू. त्यानंतर गाठ नाही, पण तुझा पत्ता मी जपून ठेवला होता.

कारण असं की चांद्याला जटपुरा दरवाजाच्या बाहेर आता एक दगडी खांब उभा झाला आहे. आपल्या जिल्ह्यातली जी पोरं लढाईत गेली आणि परत आली नाहीत, त्यांची नावं त्याच्यावर कोरली आहेत. कापूस घेऊन वरोऱ्याला गेलो होतो, तिथे ऐकलं. गाडी मित्राच्या हवाली केली आणि तसाच आगगाडीत बसलो. नावं शोधायला वेळ लागला, कारण डोळ्यांना आता जवळचं दिसत नाही आणि चष्म्याचा एक पाय तुटका. शेवटी सापडली. कोलू नरोटे, आणि त्याच्या खाली इसरू चौखे. भरतीला एकाच दिवशी गेले, ब्रह्मदेशाच्या वाटेवर एकाच टोळीत सडक बांधायला होते आणि एकाच दरडीखाली गाडले गेले. इथेही शेजारीच आहेत हे पाहून बरं वाटलं.

तुला एक सांगतो, मनात साचलं आहे. आमच्या चिमूरला बेचाळीस साली जे मेले त्यांना दरवर्षी हार चढतात. चढलेच पाहिजेत, त्यांत माझ्या ओळखीची माणसं होती. पण माझा पोरगा त्याच साली सरकारची वर्दी घालून गेला, म्हणून त्याचं नाव गावात कोणी घेत नाही. घेतलं तर मान खाली घालून घेतात. त्या दगडावर त्याचं नाव पाहिलं आणि मी भर रस्त्यात रडलो. लाज वाटली नाही.

घरी येऊन इसरूच्या आईला, सुगंधाबाईला, सांगितलं, तर आमच्या घरच्या या वाघिणीनं मला धुवून काढलं. "अंग पाह्यलं का कोनं त्याचं? नाई ना? मंग दगडावर नाव लिवलं म्हून माझा पोरगा मरते का?" इतकी वर्षं झाली, अखाजीला पूर्वजांची पानं मांडताना ती इसरूचं पान मांडू देत नाही. तू आईला घेऊन ये आणि खांब पाहून जा. आईला माझा रामराम सांग.

मुखरू चौखे

---

मु. येलमागड, मुलचेरा भाग
८ डिसेंबर १९५५

मुखरूभाऊंना बिरजूचा जोहार.

तुमचं पत्र मी आईला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचल्यावर तिनं विचारलं, "त्या खांबाच्या जवळ पानी हाय का?"

तुम्हांला हे विचित्र वाटेल, म्हणून आमच्या गावची रीत सांगतो. माणूस गेला की त्याचा जीव लगेच घरी येत नाही, बाहेरच हिंडतो. मग नात्यातली माणसं पाण्यावर जातात, त्याचं नाव घेऊन हाक मारतात आणि पाण्यात कापड धरतात. कापडात जो जीव येईल, मासा म्हणा की खेकडा, त्याला घागरीत घालून घरी आणतात. नंतर गावाबाहेर त्याच्या नावाचा दगड उभा करायचा आणि त्या जिवाला ओढ्यात सोडायचं. मग तो आपल्या वाडवडिलांत जाऊन बसला असं आम्ही समजतो.

कोलूदादाचं हे राहून गेलं. आमच्या गावचा भुमिया, म्हणजे देवाचं करणारा म्हातारा, तेव्हा म्हणाला होता की तो ज्या मुलखात गेला तिथलं पाणी आपल्या ओढ्याला लागत नाही, हाक ऐकू जायची नाही. म्हणून आईनं कधी हाक मारलीच नाही. सणाला घरात सगळ्या पितरांना भात ठेवते आणि त्याच्यासाठी दारात वेगळा ठेवते, बाहेरच्या भिकाऱ्याला ठेवावा तसा. मला ते बघवत नाही. आता आई म्हणते, "जिथी त्याचं नाव हाय, तिथून त्याले वाट गवसंल."

पौषात धान निघाल्यावर आम्ही येऊ. पाण्याचं कळवा. सुगंधाबाई आल्या तर आईला सोबत होईल.

बिरजू

---

मु. पिंपळखुट
२४ डिसेंबर १९५५

बिरजूस रामराम.

पाणी आहे. खांबापासून चालत जाण्याजोगी इरई नदी आहे आणि पौषात तिला गुडघाभर पाणी असतं. मासे असतात, पण ते कोणाचं नाव ऐकतात का, ते तुमच्या भुमियाला विचार. मी थट्टा करतो म्हणून रागावू नको. तुझं पत्र वाचल्यावर मला तो दारातला भातच दिसत राहिला.

एक आधीच सांगून ठेवतो. तिथे एक चौकीदार असतो, मिशा मोठ्या आणि माणूस बरा. पण खांबापाशी कोंबडं कापलं तर तो ऐकणार नाही. तांदूळ, हळद चालेल.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी खांबापाशी येतो. सुगंधाबाई येणार नाही आणि तिला हे कळताही कामा नये. मी बैल बघायला जातो असं सांगणार आहे. आईला पांघरूण दे, नदीकाठी वारा फार बोचतो.

मुखरू

---

मु. येलमागड
६ फेब्रुवारी १९५६

मुखरूभाऊंना जोहार.

तुमची आम्ही उन्हं कलेपर्यंत वाट पाहिली. तुम्ही आला नाहीत, त्याला काही कारण असेलच. तिकडे सगळं ठीक आहे ना?

आष्टीला वैनगंगा डोंग्यातून ओलांडली आणि पुढे मोटार मिळाली. आई, मी, भुमिया आणि माझी मावशी सोमारी, एवढे होतो. आई मोटारीत पहिल्यांदाच बसली. सारी वाट तिनं मांडीवर तांदळाचं गाठोडं धरून ठेवलं होतं. ते तांदूळ एकट्या आमच्या घरचे नव्हते. खांबावर पुष्कळ नावं आहेत हे ऐकल्यावर ती गावात दारोदार फिरली आणि प्रत्येक घरातून मूठमूठ घेऊन आली. "एका दगडापाशी इतके लोक उभे हायत, आन मी एकट्या माझ्या पोराले जेवू घालू? बाकीचे काय पाह्यत राह्यतील?"

खांबापाशी पोचल्यावर ती आधी त्याच्याभोवती हिंडली. मग मला विचारलं, "हा कोनं उभा केला? यांच्या घरच्यांनी?" मी म्हटलं, सरकारनं केला. ते तिला पटलं नाही. परक्यांनी दगड उभा करावा आणि घरच्यांचा हात लागू नये, याचं तिला फार वाईट वाटलं. म्हणून तिनं दोन्ही तळवे दगडाला लावले आणि तशीच उभी राहिली. मग म्हणाली, दाव. मी तिचं बोट धरून कोलूदादाच्या नावावरून फिरवलं. तिला वाचता येत नाही. तिनं एकेक अक्षर चाचपलं आणि बोट खाली घसरलं तेव्हा विचारलं, हा कोण. मी म्हटलं, हा इसरू, मुखरूभाऊंचा. तिनं तेही सगळं चाचपलं.

तांदूळ ठेवताना चौकीदार आला. मला वाटलं हटकणार. त्यानं विचारलं, "कोन तुमचा?" आई म्हणाली, "सारेच." तो बाजूला जाऊन उभा राहिला आणि आम्ही निघेपर्यंत त्यानं पायांतल्या चपला काढून ठेवल्या होत्या.

आता पुढचं, जे लिहायला मला धीर होत नव्हता. नदीवर आईनं कोलूदादाला हाक मारली. बारा वर्षांची हाक होती ती, भाऊ. धुणं धुणाऱ्या बायका थांबून बघू लागल्या. मी आणि मावशीनं पाण्यात कापड धरलं होतं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा वर घेतलं तर त्यात दोन मासे होते, बोटाएवढे, एकसारखे. असं कधी होत नाही. भुमिया म्हणाला, एक सोडून दे. आईनं त्याचा हात धरला. "कोनता सोडू? दोघं संगं गेले, संगं आले. दुसरा त्या मुखरूचा हाय. त्याले हाक माराले कोनी आलं नाई, म्हून तो याच्या मागं आला."

आम्ही दोघांनाही घेऊन आलो आहोत. तुमचा इसरू आमच्या घरात आहे, घागरीत. तुम्हांला न विचारता हे झालं. राग आला तर माझ्यावर काढा, आईवर नको. आता त्याच्या दगडाचं काय करायचं ते सांगा.

बिरजू

---

मु. पिंपळखुट
१ मार्च १९५६

बिरजू,

तुझं पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा रागच आला. माझा पोरगा, आणि तो तुमच्या घागरीत? आम्ही वारकरी घरातले, मासा चुलीवर चढत नाही आमच्यात. काय बोलावं! मग मी गोठ्यात जाऊन बसलो, पत्र पुन्हा वाचलं, आणि त्या एका वाक्यापाशी अडकलो. त्याला हाक मारायला कोणी आलं नाही. हे तुझ्या आईनं चिडून म्हटलं असतं तर मी उलट बोललो असतो.

मी येणार होतो. धोतर बांधून उंबऱ्यापर्यंत आलो होतो. पण सुगंधाबाईला माझ्या तोंडावरून कळतं, मला खोटं पचत नाही. ती दारात आडवी उभी राहिली. "तिथी जाऊन मेलेल्यात हात जोडले, तं तुमीच त्याले मारून आले असं समजीन." मी चपला काढल्या आणि खाटेवर पडलो. वाघाला भ्यालो नसतो.

दगडाचं विचारतोस. माझा जीव हो म्हणतो, पण पोरगा माझ्या एकट्याचा नाही. तिला विचारल्याशिवाय मी हो म्हणत नाही, आणि विचारायची माझी छाती नाही. थोडं थांबा.

आणि दोघं एकसारखे, तर इसरू कोणता हे कसं ओळखता?

मुखरू

---

मु. येलमागड
१० एप्रिल १९५६

मुखरूभाऊंना जोहार.

कोलूदादाचा दगड उभा झाला. सारं गाव होतं, ढोल होते. आई दिवसभर हसत होती आणि मी रडत होतो, त्यावरून बायका मला अजून चिडवतात. आता सणाला त्याचा भात घरात ठेवायचा, दारात नाही.

कोणता कोण, हे मी आईला विचारलं. तिनं घागरीत हात घातला, एक जवळ आला, त्याला तिनं ओढ्यात सोडलं. "जो राह्यला तो पाहुना," म्हणाली. आता ती त्याला पाहुणाच म्हणते. सकाळी उठून आधी त्याचं पाणी बदलते, मग चूल पेटवते.

इसरूचा दगडही आम्ही आणून ठेवला आहे, पण तो कोलूदादाच्या शेजारी आडवाच पडून आहे. त्याच्या घरच्या माणसाचा हात लागल्याशिवाय आम्ही तो उभा करू शकत नाही. आई म्हणते, सरकारनं केलं तसं आपण नाही करायचं.

भाऊ, तुम्ही थांबा म्हणालात, आम्ही थांबलो. पण ओढा आटत चालला आहे. डबक्यात जेवढं पाणी उरलं आहे तेही दुपारी तापतं. ही माशाची जात चिवट आहे, तरी उन्हाळा मोठा आहे. ओढ्यात सोडण्याआधीच याला काही झालं तर आई ते सोसू शकणार नाही. दुसऱ्याचं मूल आपल्या हातून गेलं असं तिला वाटेल.

बिरजू

---

मु. पिंपळखुट
१६ मे १९५६

बिरजू,

हे पत्र मिळताच उलट टपाली कळव. सुगंधाबाई तिकडे पोचली का?

अखाजीच्या दिवशी नवी घागर भरून मी पूर्वजांची पानं मांडत होतो. तुझ्या पत्रानं माझी झोप गेली होती. मी एक पान जास्त मांडलं. ती वडे घेऊन आली, पानं पाहिली आणि जागीच थबकली. मला वाटलं, आता ताट माझ्या डोक्यात घालते. मी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. खांब, नदी, दोन मासे, तुमच्या घरातली घागर, आडवा पडलेला दगड. इतकी वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते एका दमात निघालं.

ती भांडली नाही, रडली नाही. भिंतीला टेकून बसून राहिली. उन्हं उतरल्यावर एकच विचारलं, "तिथी त्याचं पानी कोन बदलते?" मी म्हटलं, कोलूची आई.

सकाळी उठलो तर घरात नव्हती. कोणी म्हणतं चिमूरच्या मोटारीत बसताना पाहिलं. वरोऱ्याच्या बाजारापलीकडे ती कधी गेलेली नाही. तिच्या जिभेला हाड नाही, तुझ्या आईला वाटेल ते बोलेल. तुम्ही तिला उलट बोलू नका. ती भांडायला आली असली तरी तिला पाणी द्या.

मी इथे वेड्यासारखा झालो आहे.

मुखरू

---

मु. येलमागड
२२ मे १९५६

मुखरूभाऊंना जोहार.

सुगंधाबाई पोचल्या. सुखरूप आहेत. आष्टीपासून लाकडाच्या ट्रकवर बसून आल्या. ड्रायव्हर सांगत होता की रस्ताभर त्याला गाडी हळू चालवतो म्हणून बोलणी खावी लागली.

अंगणात आल्या आणि उभ्यानंच ओरडल्या, "माझा पोरगा कुठी हाय? कोनाच्या परवानगीनं आनला तुमी त्याले?" आईनं ओसरीवरच्या घागरीकडे बोट केलं. बाईंनी वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात घातला आणि म्हणाल्या, "पानी गरम हाय." आई म्हणाली, आता बदलते. बाईंनी तिला बदलू दिलं नाही. विहीर कुठे आहे विचारलं, स्वतः पाणी शेंदलं, घागर उचलून घराच्या मागे सावलीत नेली आणि तिच्याजवळच बसल्या. आईनं भाकर तिथेच नेऊन दिली. दोघी शेजारी बसून जेवल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आई त्यांना दगडांकडे घेऊन गेली. कोलूदादाचा उभा, इसरूचा आडवा. बाईंनी आडवा दगड पाहिला आणि त्यांचा राग पुन्हा उसळला. "हा काय आनला? हा तं लहान्या पोराचा दगड हाय! माझ्या इसरूचं डोस्कं दाराच्या चौकटीले लागे. वाकून घरात ये तो."

मी म्हटलं, बाई, आम्ही त्याला कधी पाहिलं नाही. आई पुढे झाली. "मंग तूच सांग न बाई, केवढा होता तुझा पोरगा."

बाईंनी हात वर केला. डोक्याच्याही वर, टाचा उचलून, जेवढा जाईल तेवढा. "एवढा," म्हणाल्या. आणि हात खाली घेईनात. तो तसाच वर धरून त्या रडू लागल्या, भाऊ. आईनं त्यांना धरलं नाही की उगी केलं नाही. शेजारी बांबू पडला होता, तो उभा करून तिनं त्यांच्या हाताशी लावला आणि तिथे खूण केली. तेव्हा कुठे हात खाली आला.

मग तो बांबू घेऊन दोघी आटलेल्या नाल्यात उतरल्या. आमची माणसं मागे. बाईंनी दगडामागून दगड नापास केले. हा वाकडा, इसरू ताठ उभा राही. हा खडबडीत, त्याचं अंग गुळगुळीत होतं. हा काळा, इसरू माझ्यावानी गोरा. ऊन डोक्यावर आलं, माणसं थकली, पण कोणी कंटाळा केला नाही. शेवटी एक सापडला, निम्मा वाळूत रुतलेला. बाईंनी पदरानं त्याची माती पुसली आणि खाली बसून त्याला गाल लावला.

आमची माणसं तो उचलून आजच उभा करायला तयार होती. इसरूच्या आईचा हात लागला म्हणजे रीत पुरी होते असं भुमियानंही सांगितलं. पण बाई ऐकत नाहीत. दगड त्यांनी नाल्यातच ठेवायला लावला आहे आणि मला हे पत्र लिहायला बसवलं आहे. पुढचं त्या सांगतात तसंच लिहितो, एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

"तुमच्यासंगं मी लई वाईट वागली. ते मंग पाहू. दगड मी निवडला हाय. इथी पंधरा लोक तो उचलाले उभे हायत, पन मी कोनाले हात लावू दिला नाई. नांगर राहू द्या, बैल कोनाच्या दारात बांधून द्या. पोराले घरी पोचवाचं हाय, त्याचा बाप पायजे. या."